युद्धातलं सिगारेटचं पाकीट वाचायचं कसं?

पितळेची एक चपटी डबी. पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, सव्वा इंच उंच. झाकणावर एका मुलीचा चेहरा, त्याभोवती पानांचा हार, दोन्ही बाजूंना ‘एम’ हे अक्षर, आणि खाली ‘ख्रिसमस १९१४’. युद्धकाळातल्या तंबाखूच्या वस्तू जमवणाऱ्यांची बाराखडी बहुतेक वेळा या डबीपासून सुरू होते. तिची कथा पलटणीतल्या हिंदी माणसांपर्यंत येऊन पोचते, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

जमवणारा माणूस एखादी डबी किंवा पाकीट हातात घेतो तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असतात. हे कधी बनलं, आणि कुणासाठी बनलं? वस्तू विकणारा त्याची उत्तरं सांगतो खरी, पण त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. उत्तरं वस्तूवरच असतात, ती वाचायला शिकावं लागतं.

झाकणावरची मुलगी म्हणजे राजे पाचवे जॉर्ज यांची कन्या प्रिन्सेस मेरी. तेव्हा ती १७ वर्षांची होती. पहिलं महायुद्ध सुरू होऊन काही महिने झाले होते आणि आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला नाताळची भेट पाठवायची, असं तिच्या नावाने जाहीर झालं. लोकांनी पैसे दिले आणि निधी १ लाख ६२ हजार पौंडांवर गेला. नाताळच्या दिवशीच ४ लाख २६ हजारांहून जास्त डब्या वाटल्या गेल्या. मग ठरलं, की त्या नाताळात गणवेशात असलेल्या सगळ्यांनाच भेट द्यायची. आकडा २५ लाखांच्या वर गेला आणि वाटप पुढे कित्येक वर्षं रेंगाळलं. पितळ तोफगोळ्यांनाही लागत होतं, त्यामुळे ते मिळेना. अमेरिकेतून मागवलेल्या पितळी पट्ट्यांचा एक मोठा साठा ‘लुसिटानिया’ जहाजावर होता. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवलं, त्याबरोबर पितळही गेलं. उशिरा बनलेल्या डब्या हलक्या धातूच्या आणि वरून मुलामा दिलेल्या असतात त्या यामुळे. एकाच साच्यातल्या दोन डब्यांचं वजन आणि झळाळी वेगळी लागली तर लगेच एकीला खोटी ठरवू नका.

आता झाकणाच्या कडा आणि कोपरे बघा. तिथे मित्रराष्ट्रांची नावं आहेत: फ्रान्स, रशिया, बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो आणि सर्बिया. सर्बियाचं स्पेलिंग ‘सर्व्हिया’ असं आहे, त्या काळी इंग्रजीत तसं लिहीत. या यादीत इटली नाही, कारण इटली १९१५ मध्ये युद्धात उतरली. अमेरिका नाही, कारण ती १९१७ मध्ये आली. म्हणजे ‘१९१४’ हा आकडा झिजून गेला असला तरी नावांच्या यादीवरून वर्ष सांगता येतं. वस्तू वाचायची ती अशी.

मला मात्र झाकणापेक्षा आत काय होतं याचं जास्त कुतूहल आहे.

धूम्रपान करणाऱ्या ब्रिटिश सैनिकाच्या वाट्याला एक औंस पाइपची तंबाखू, २० सिगारेटी, पाइप, लायटर आणि शुभेच्छापत्र येई. तंबाखू आणि सिगारेटी पिवळ्या वेष्टनात असत. जो ओढत नसे त्याला आंबट गोळ्या आणि खाकी पाकिटात कागद-पेन्सिल. परिचारिकांना चॉकलेट. आणि हिंदी सैनिक? त्यांची वर्गवारी केली होती. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखीच भेट. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर आणि जोडीला मसाल्याची एक छोटी डबी. बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. कारकुनी डोक्याने केलेली असली तरी या यादीत थोडी समज होती, हे कबूल करायला हवं. फ्रान्सच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला मसाल्याचा वास आला असेल तेव्हा काय वाटलं असेल!

यादीत शेवटी एक वर्ग होता: भिस्ती. पलटणीबरोबरचे पाणके आणि इतर अधिकृत नोकर सगळे याच एका नावाखाली मोजले. त्यांना मसाल्याची डबी आणि शुभेच्छापत्र मिळालं. मेरीचा चेहरा असलेली पितळी डबी त्यांना दिली नाही. तोफगोळे पाणी वाहणाऱ्यालाही तेवढेच लागत होते. लिलावांच्या जाहिरातींमध्ये या डबीचं ‘प्रत्येक सैनिकाला मिळालेली भेट’ असं गोड वर्णन येतं, तेव्हा हा शेवटचा वर्ग मला आठवतो आणि राग येतो.

मराठी माणसाचा संबंध कुठे येतो? ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण तेव्हा सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी, आजच्या इराकमधल्या फाव इथे उतरली, बसऱ्यामार्गे वर सरकली, आणि तिच्यातले हजारो लोक कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली. फ्रान्सची आघाडी सोडून इतरत्र असलेल्या फौजेसाठी भेट साधी होती: तीच डबी, आत नववर्षाचं शुभेच्छापत्र आणि काडतुसाच्या आकाराची पेन्सिल. ती पितळी काडतुसात बसते, वरचं टोक गोळीसारखं दिसतं. म्हणून सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात, पणजोबांच्या पदकांबरोबर ही डबी निघाली आणि तिच्यात सिगारेटींऐवजी अशी पेन्सिल असली, तर कुणीतरी नंतर भलतंच काही भरलं असं समजू नका. ती तशीच आलेली असू शकते.

सैन्याला तंबाखूची एवढी गरज का वाटली, याचं उत्तर खंदकातल्या दिवसात आहे. दिवसाचा मोठा भाग वाट बघण्यात जाई. भूक, थंडी, कुजका वास, झोप नाही. सिगारेट हलकी, खिशात मावणारी, वाटून घेता येणारी. ब्रिटिश फौजेतले एक पाद्री, जेफ्री स्टडर्ट केनेडी, जखमींना आणि मरणाऱ्यांना धीर देताना ‘वुडबाइन’ सिगारेटी वाटत. सैनिकांनी त्यांचं नाव ‘वुडबाइन विली’ ठेवलं आणि तेच इतिहासात राहिलं. वुडबाइन ही तेव्हाची स्वस्त, कामगारांची सिगारेट. एका स्वस्त पाकिटाचं नाव धर्मगुरूला मानाने मिळावं, यावरून खंदकातली तिची किंमत कळते.

दुसऱ्या महायुद्धात पाकीट वाचणं जास्त सोपं होतं, निदान अमेरिकन पाकीट असेल तर. त्या काळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या तोंडावर कर भरल्याची कागदी पट्टी चिकटवलेली असे. पट्टीवर डेविट क्लिंटन या न्यूयॉर्कच्या जुन्या गव्हर्नरचं चित्र आणि एक मालिका क्रमांक. हा क्रमांक दरवर्षी एकने वाढे. त्यात १८३० मिळवले की वर्ष निघतं. ११२ असेल तर १९४२, ११३ म्हणजे १९४३, ११५ म्हणजे १९४५. इतकं सोपं गणित फार थोड्या छंदांत मिळतं. १९५५ च्या १२५ या क्रमांकानंतर तो वाढायचा थांबला आणि १९५९ मध्ये पट्टीच बंद झाली. एक काळजी घ्या: पट्टी छापल्याचं वर्ष आणि पाकीट विकल्याचं वर्ष एकच असेल असं नाही, शिल्लक पट्ट्या पुढच्या वर्षी वापरल्या जात. आणि पट्टी फाटकी, अर्धवट किंवा नवीन गोंदाने बसवलेली दिसली तर ती दुसऱ्या पाकिटावरून आलेली असू शकते.

मग समोर येतं ते ‘लकी स्ट्राइक’चं पाकीट. आधी ते गडद हिरवं होतं. १९४२ मध्ये पांढरं झालं. कंपनीने रेडिओवरून घोषणा गाजवली की लकी स्ट्राइकचा हिरवा रंग युद्धावर गेला आहे. हिरव्या शाईत लागणारा धातू सैन्याला हवा, म्हणून आम्ही त्याग केला, असा अर्थ. लोकांना ते भावलं. पण थोडं मागे जाऊन बघा. बायकांना हे हिरवं पाकीट आपल्या कपड्यांवर शोभत नाही अशी कंपनीची जुनीच अडचण होती. १९३४ मध्ये तिचे प्रसिद्धी सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी पाकीट बदलण्याऐवजी फॅशन बदलायचा घाट घातला आणि न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात हिरव्या पोशाखांचा मोठा मेजवानी-समारंभ घडवून आणला. पुढे पाकिटाचं रूप बदलायचं काम रेमंड लोवी या डिझायनरकडे गेलं. पाकीट कसंही पडलं तरी नाव वर दिसावं म्हणून त्यांनी लाल वर्तुळ दोन्ही बाजूंना घेतलं. कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांच्याशी आपली ५० हजार डॉलरची पैज लागली होती, असं लोवी सांगत. म्हणजे पांढऱ्या पाकिटाची तयारी आधीपासून होती, युद्धाने चांगलं निमित्त दिलं. जाहिरातीतलं सत्य आणि पाकिटावरचं सत्य यांत फरक असतो, हे मी या एका पाकिटातून शिकलो.

जमवणाऱ्याला याचा उपयोग असा: हिरव्या पाकिटावर ११४ क्रमांकाची पट्टी दिसली की हात आखडता घ्या. पांढऱ्या पाकिटावर ११२ दिसली तर ते बदलाच्या काळातलं, जपून ठेवण्यासारखं. आणि १९४१ सालच्या प्रसंगात नट पांढरं लकी स्ट्राइक खिशातून काढत असेल, तर चित्रीकरणवाल्यांनी अभ्यास केलेला नाही.

समुद्रापार फौजेला गेलेल्या पाकिटांवर ही पट्टी नसते, कारण त्यावर कर नव्हता. त्याऐवजी करमुक्त असल्याची, फौजेसाठी असल्याची ओळ छापलेली असते. अशी पाकिटं जास्त रोचक, पण वर्ष लावायला अवघड. सर्वांत लहान असतं ते ‘के-रेशन’मधलं. के-रेशन म्हणजे अमेरिकन सैनिकाचा एका दिवसाचा कोरडा शिधा, सकाळ-दुपार-रात्रीचे तीन वेगळे खोके. प्रत्येक खोक्यात बिस्किटं, डबाबंद खाणं आणि चार सिगारेटींचं चिमुकलं पाकीट. दिवसाला बारा सिगारेटी झाल्या, आणि त्या सरकारकडून जेवणाबरोबर मिळत.

या चार सिगारेटींच्या पाकिटात नवीन माणूस हमखास फसतो. व्हिएतनाम युद्धातल्या शिध्यातही चार-चार सिगारेटींची पाकिटं होती. दुसऱ्या महायुद्धातलं म्हणून तीच विकली जातात. ओळखायचं कसं? नावावरून. ‘विन्स्टन’ ही सिगारेट १९५४ मध्ये बाजारात आली, ‘सेलम’ १९५६ मध्ये. पाकिटावर यांपैकी नाव असेल तर ते हिटलरच्या काळातलं असूच शकत नाही. याउलट ‘चेस्टरफील्ड’, ‘कॅमल’, ‘ओल्ड गोल्ड’, ‘चेल्सी’, ‘फ्लीटवुड’ ही नावं शक्यतेच्या बाजूला जातात. आरोग्याचा इशारा दिसला तरी उत्तर तेच. अमेरिकेत तो १ जानेवारी १९६६ पासून पाकिटावर आला. बारकोड १९७४ नंतरचा.

या नावांची सैन्यात एवढी सवय झाली होती, की युद्ध संपताना फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराजवळ उभारलेल्या अमेरिकन छावण्यांना सिगारेटींचीच नावं दिली: कॅम्प लकी स्ट्राइक, कॅम्प ओल्ड गोल्ड, कॅम्प फिलिप मॉरिस. गावाचं नाव न घेता छावणीचा उल्लेख करता यावा, हा सुरक्षेचा हेतू. घरी परतणारे लाखो सैनिक या छावण्यांतून बोटीवर चढले.

त्यांच्याबरोबर सवयही घरी गेली. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. लढाईत वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे या पाकिटांनी नेले. अमेरिकन लष्कराने शिध्यातून सिगारेट काढली ती थेट १९७५ मध्ये. या वस्तू जमवताना मला हे विसरायचं नसतं. माझ्या संग्रहातल्या पाकिटांकडे मी शौकाची वस्तू म्हणून बघत नाही. ज्यांना वीस-बाविसाव्या वर्षी ती हातात दिली गेली, त्यांच्याकडे मी बघतो.

ब्रिटिश पाकिटांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे वर्ष सांगणारी पट्टी नाही. तिथे टंचाई वाचावी लागते. युद्धाआधी पाकिटात जाड पुठ्ठ्याची आतली सरकती डबी, चांदीचा कागद आणि एक रंगीत चित्रकार्ड असे. विल्स कंपनीने १९३८ मध्ये हवाई हल्ल्यापासून बचाव कसा करायचा याची ५० कार्डांची मालिका काढली होती, म्हणजे युद्ध येण्याआधीच ते पाकिटात येऊन बसलं होतं. १९४० मध्ये कागद वाचवण्यासाठी कार्डं बंद झाली. पुठ्ठा पातळ झाला, छपाई साधी झाली. वाळवंटातल्या ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात बनलेल्या ‘व्ही’ सिगारेटी मिळत, आणि त्या चवीबद्दल सैनिकांनी आठवणींमध्ये भरपूर शिव्या घातल्या आहेत.

सिगारेटीचं सर्वांत विलक्षण रूप दिसलं ते युद्धकैद्यांच्या छावण्यांत. आर. ए. रॅडफर्ड हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ स्वतः कैदेत होता, आधी इटलीत, मग जर्मनीत. सुटल्यावर १९४५ मध्ये त्याने एक निबंध लिहिला, तो आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. रेड क्रॉसकडून प्रत्येकाला सारखंच अन्नाचं पार्सल आणि सिगारेटी येत. पण आवडी सारख्या नसतात, म्हणून अदलाबदल सुरू झाली. कुणी जॅम देऊन चीज घेई. उर्दू येणारा एक जण शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घेई आणि बदल्यात लोणी-जॅम देई. हळूहळू सगळ्या भावाचं माप सिगारेट झालं: पावाचा भाव सिगारेटीत, शर्ट धुण्याची मजुरी सिगारेटीत. न ओढणाराही सिगारेट घेई, कारण उद्या तिच्या बदल्यात काहीही मिळणार होतं. पैसा म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

यात गंमत पुढे आहे. सिगारेटींचा नवा हप्ता आला की भाव चढत, कारण ‘पैसा’ भरपूर झाला. लोक सिगारेटी ओढून टाकत, पैसा अक्षरशः जळून जाई, आणि भाव उतरत. शिवाय चांगल्या सिगारेटी लोक स्वतः ओढत आणि देण्याघेण्यात हलक्या, हाताने वळलेल्या फिरत. वाईट नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलतं, हा नियम पुस्तकात वाचलेला असतो. छावणीत तो रोज संध्याकाळी घडत होता. युद्धानंतर जर्मनीतल्या शहरांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं आणि जून १९४८ मध्ये नवं मार्क चलन येईपर्यंत अमेरिकन सिगारेटीवर काळाबाजार चालला. कैद्यांना वायएमसीएकडून कोऱ्या वह्या मिळत. काहींनी त्यांत पाकिटांची वेष्टनं चपटी करून चिकटवली आहेत. अशी वही मिळाली तर त्यातली वेष्टनं सोडवून वेगळी करू नका. वहीसकटच ती बोलतात.

आता नकलांबद्दल. युद्धाचे प्रसंग उभे करणारे हौशी लोक आणि चित्रपटवाले उत्तम प्रतिकृती छापून घेतात. त्यात गैर काही नाही, पुढे त्या कुणीतरी जुन्या म्हणून विकतो तेव्हा फसवणूक होते. दोन साधनं जवळ ठेवा. दहा पटींचं भिंग: जुन्या पाकिटावर रंग सलग, भरीव दिसतो. भिंगाखाली लाल-निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसली तर आजची छपाई समजा. दुसरं, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं साधारण १९५० नंतर रूढ झाली, आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. युद्धातला कागद मंद, पिवळट राहतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात वस्तू सावलीत नेऊन हा दिवा मारायला कुणी हरकत घेत नाही. घेतली, तर तेही उत्तरच आहे.

आपल्या हवेत खरा शत्रू दमटपणा. तंबाखूला एक छोटा तपकिरी भुंगा लागतो, तो कागदाला टाचणीएवढी गोल भोकं पाडत बाहेर येतो. भरलेलं पाकीट असेल तर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल कागदात उतरतं. सीलबंद पाकीट उत्सुकतेपोटी उघडू नका. पितळी डबीला चिंच किंवा राख लावून लखलखीत करायचा मोह आवरा, घासण्याने मेरीच्या चेहऱ्याची नक्षीच जाते. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरेसं आहे.

आणि डबी घरचीच असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कोण पलटणीत होतं, कुठली पलटण, कुठे गेले, परत आले का, डबीत आजी काय ठेवायची, हे सगळं विचारा. जे कळेल ते साध्या जाड कागदाच्या चिठ्ठीवर तारखेसकट लिहून डबीजवळ ठेवा. बॉलपेन नको, त्याची शाई फुटते आणि पसरते. पेन्सिलीने लिहा.